जहाल, मवाळ आणि तीस मिलिमीटर

सुरतेत डोकी तापण्याची परंपरा जुनी आहे. १९०७ सालचं काँग्रेस अधिवेशन खरं तर नागपूरला व्हायचं होतं. तिथे टिळकांची माणसं फार, म्हणून मवाळांनी ते सुरतेला हलवलं, आणि डिसेंबरात सुरतेत जे व्हायचं ते झालंच. रासबिहारी घोष अध्यक्ष म्हणून बोलायला उभे, टिळक व्यासपीठावरून हटायला तयार नाहीत, आणि मंडपातून एक जोडा उडाला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला चाटून फिरोजशहा मेहतांकडे गेला. जोडा मराठी होता, लाल कातड्याचा, पुढे टोक असलेला, एवढा तपशील नेव्हिन्सन नावाच्या इंग्रज वार्ताहराने लिहून ठेवला आहे. पायताणाकडे इतकं बारकाईने बघणारा वार्ताहर पुन्हा झाला नाही.

तरी तो डिसेंबर होता. महाराजही सुरतेवर आले ते १६६४ च्या जानेवारीत आणि दुसऱ्यांदा १६७० च्या ऑक्टोबरात. सुरतेत केव्हा यावं हे मराठी माणसाला साडेतीनशे वर्षांपासून ठाऊक आहे. माझ्या भाच्याला नाही. कम्प्युटरला पाण्याचं कूलिंग बसवायला त्याने मे महिना काढला आणि मला फोन केला, "मामा, तुम्ही या. पप्पा ऐकत नाहीत."

आमची आक्का उधन्याला दिली आहे. उधना म्हणजे नकाशात गुजरात आणि बोलण्यात निम्मं खानदेश. ताप्ती व्हॅलीची रेल्वे झाली आणि जळगाव, धुळे, नंदुरबारला सुरतेची वाट मिळाली, त्या रुळांवरून पुढे इतकी माणसं आली की आज उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात रस्त्यावर "काय करी ऱ्हायना रे भो?" ऐकू आलं तर कोणी मान वळवत नाही. आमचे दाजी अमळनेरकडचे. लूमवर कामगार म्हणून आले आणि आता स्वतःचं लहानसं खातं चालवतात. त्यामुळे यंत्र, पंखा, मोटर, तांबं, पत्रा या विषयांवर त्यांचं मत असतं आणि ते वजनदार असतं. वजनदार म्हणजे खरोखर वजनदार. वस्तू हातात घेऊन जोखायची आणि जड लागली तर चांगली, हा त्यांचा नियम. जावई पसंत करतानाही त्यांनी हाच नियम लावला होता असं मोठ्या भाचीचं म्हणणं आहे.

भाचा साड्यांच्या कॅटलॉगचं काम करतो. हल्ली साडी नेसून उभं राहायला दर वेळी मुलगी लागत नाही. कापडाचा फोटो दिला की कम्प्युटर साडी नेसवतो, पदर उडवतो, मागे राजवाडाही उभा करतो. त्यासाठी जबर ग्राफिक्स कार्ड लागतं. ते कार्ड रात्री साड्या नेसवतं आणि त्याआधी संध्याकाळभर भाचा त्याच कार्डावर बंदुकीने माणसं मारतो. पण दाजींकडे पैसे मागताना त्याने फक्त साड्यांचा उल्लेख केला. कार्ड तीनशे वॉट खातं, प्रोसेसर सव्वाशेच्या आसपास. खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे बाहेर छत्तीस अंश असताना खोलीत सव्वाचारशे वॉटची शेगडी, आणि वर तिला पंख्याने वारा.

पाण्याचं कूलिंग म्हणजे चिपेवर तांब्याचा एक ठोकळा बसतो, त्यातून पाणी फिरतं, पंप ते पाणी नळीने रेडिएटरकडे नेतो, रेडिएटरवर पंखे फिरतात, आणि गार झालेलं पाणी परत चिपेकडे येतं. एवढंच. पण "पाण्याचं कूलिंग" हे शब्द उधन्यात एकदा उच्चारले की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे जळगावचा पत्र्याचा कूलर उभा राहतो. शेजारच्या काकूंनी गवत कोणतं टाकणार असं विचारलं. खालच्या मजल्यावरच्यांनी टाकी रोज भरावी लागेल का, कारण सोसायटीचं पाणी ठरलेल्या वेळेलाच येतं, अशी शंका काढली. एक आजोबा वाळ्याचं अत्तर टाका म्हणाले.

यात काकूंचं काही चुकत नव्हतं. जळगावच्या कूलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि ती वाफ होताना हवेतली उष्णता घेते. खानदेशची हवा कोरडी, त्यामुळे बाहेर पंचेचाळीस असलं तरी कूलरपुढे बसलेला माणूस कुडकुडतो. तोच कूलर सुरतेत आणला तर समुद्राकडून आलेल्या दमट हवेत पाण्याची वाफ होता होत नाही. गारवा राहतो बाजूला आणि अंगाला चिकटा येतो. कम्प्युटरच्या रेडिएटरचं तसं नसतं. त्यात पाणी बंदिस्त, वाफ होणं मुळीच नाही, त्यामुळे दमटपणाशी त्याचं देणंघेणं नाही. पण दमटपणाशी नाही तर हवेच्या तापमानाशी त्याची गाठ पक्की. खोलीत छत्तीस असेल तर रेडिएटर कितीही जाड, कितीही महाग असला तरी पाणी छत्तिसाच्या खाली नेऊ शकत नाही. फार तर छत्तिसाच्या किती जवळ नेतो, एवढीच त्याची परीक्षा.

ही परीक्षा कुणी द्यायची, यावरून घरात फूट पडली.

भाच्याला पातळ रेडिएटर हवा होता. रिंग रोडवरच्या दुकानदाराने त्याच्यापुढे सगळी यादी ठेवली होती. जर्मनीची अल्फाकूल कंपनी जाडीवरूनच नावं देते: एसटी-३० म्हणजे तीस मिलिमीटर, एक्सटी-४५ म्हणजे पंचेचाळीस, यूटी-६० म्हणजे साठ, आणि त्याच्याही वर "मॉन्स्टा" नावाचा ऐंशीच्या पलीकडचा राक्षस. स्लोव्हेनियाच्या ईकेचे पातळ, मध्यम, जाड असे तीन थर. फिलिपाइन्सच्या हार्डवेअर लॅब्सचा ब्लॅक आइस. आणि एक्सएसपीसीचा टीएक्स तर अवघा साडेवीस मिलिमीटर, म्हणजे पोळीच्या डब्याशेजारच्या फटीतही मावेल इतका. भाच्याचा कल एसटीकडे होता. मराठी माणूस प्रवासाला निघाला की शेवटी एसटीच पकडतो.

दुकानदार म्हणाला, "जाडुं लई लो ने भाई, पछी टेन्शन नहीं." दुकानदार जहाल असतात कारण जाड माल महाग असतो. दाजी जहाल असतात कारण जाड माल जड असतो. त्यांनी साठचा रेडिएटर दोन्ही हातांनी उचलला, वरखाली केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "तांबं आहे. उद्या मोडीत टाकायचं झालं तर किलोवर जाईल." भाच्याचा एक मित्र तर जहालांतला जहाल. त्याच्या मते घरात रेडिएटर हवाच कशाला, मोटारीचा आणून गॅलरीत टांगायचा आणि भिंतीला भोक पाडून नळ्या आत घ्यायच्या. हे वेडेपणाचं वाटलं तरी या छंदाची सुरुवात तशीच झाली आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी कम्प्युटरचे रेडिएटर बाजारात सहज मिळत नव्हते, तेव्हा अमेरिकेतले हौशी लोक भंगारातल्या मोटारींचे हीटर कोअर काढून आणत. गाडीच्या आत गरम हवा सोडणारा तो लहानसा तांब्याचा जाळीदार डबा. सुरतेत हा मार्ग बंद आहे, कारण इथे गाडीचा हीटर लावलेला माणूस कुणी पाहिलेला नाही.

तरी आम्ही एका रेडिएटरवाल्याकडे गेलो. झाळकामाचा कसबी माणूस. त्याने स्वतःहून सांगितलं की हल्लीच्या गाड्यांचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात, बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या. म्हणजे मित्राचा प्रस्ताव तिथेच बारगळला. चिपेवरचा ठोकळा तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा, असे दोन धातू एकाच पाण्यात फिरवले की त्या पाण्याची बॅटरी होते आणि ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं. तांबं असेल तर सगळीकडे तांबं किंवा पितळ, हा या छंदाचा सोवळ्याचा नियम. आक्काला तो ताबडतोब पटला. तिच्याकडे माहेरचा तांब्याचा बंब अजून माळ्यावर आहे, आणि तांब्याच्या वस्तूतून घरात गरम पाणी येणं तिला मुळीच नवीन नाही. तिचा प्रश्न वेगळा होता: एवढं गरम पाणी फिरतंय तर ते आंघोळीला का नाही घ्यायचं?

मला घरी बोलावलं होतं ते अध्यक्ष म्हणून. माझी अवस्था रासबिहारी घोषांसारखी झाली. उभा राहिलो की कुणीतरी मध्येच बोले. म्हणून मी बोलणं सोडलं आणि टेप काढला. दाजींनी रेडिएटर हातावर जोखला, दुकानदाराने किमतीवर जोखला. कॅबिनेटचं छत आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये किती जागा आहे हे कुणी पाहिलंच नव्हतं. जागा निघाली छपन्न मिलिमीटर. नेहमीचा पंखा पंचवीस मिलिमीटर जाड. तीस आणि पंचवीस, पंचावन्न. एक मिलिमीटर देवाच्या नावाने उरतो. साठ आणि पंचवीस म्हणजे पंच्याऐंशी. तेवढा रेडिएटर बसवायचा तर तो सरळ रॅमच्या डोक्यावर येतो. दाजींनी यावर क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "छत कापू. ग्राइंडर खात्यात आहे." माझ्या अध्यक्षतेखाली हा ठराव नामंजूर झाला. जोडा उडाला नाही, कारण घरात सगळे चपला दाराशी काढतात.

लांबी मोजताना आणखी एक गंमत उघड झाली. तीन पंख्यांच्या रेडिएटरला ३६० म्हणतात, कारण १२० मिलिमीटरचे तीन पंखे. प्रत्यक्षात तो चारशेच्या आसपास भरतो. दोन्ही टोकांना पाण्याच्या टाक्या असतात आणि त्या त्या आकड्यात धरलेल्या नसतात. सुरतेत फ्लॅट घेतलेल्या माणसाला हे समजावावं लागत नाही: ३६० हा कार्पेट आहे, चारशे हा सुपर बिल्टअप, आणि कॅबिनेटमध्ये जागा लागते ती सुपर बिल्टअपची. फक्त इथे बिल्डर चक्क कार्पेटचा आकडा जाहिरातीत छापतो, एवढी प्रामाणिकता.

आता जाडी दुप्पट केली तर गारवा दुप्पट होतो का? नाही होत, आणि हे दाजींना पटवणं सगळ्यात कठीण गेलं. पंख्याने ढकललेली हवा रेडिएटरच्या फिनमध्ये शिरली की पहिल्या काही मिलिमीटरांतच बरीचशी तापते. पुढचा सगळा प्रवास ती तापलेली हवा तापलेल्या पत्र्यांमधून करते. तिला आता उष्णता घ्यायची फारशी भूक नसते. जाडीचा खरा उपयोग करून घ्यायचा तर पंखे जोरात पळवावे लागतात, मग आवाज. हळू फिरणाऱ्या पंख्यांवर तीस आणि साठ यांत फरक असतो, पण तो पैशांच्या फरकाइतका नसतो. त्यापेक्षा रेडिएटर लांब घ्यावा, म्हणजे ताजी हवा जास्त ठिकाणी शिरते. एका १२० च्या पंख्यामागे सुमारे शंभर वॉट, असा या छंदात एक ढोबळ हिशेब चालतो. तीन पंखे म्हणजे तीनशे. आमचे होते सव्वाचारशे. उरलेल्या सव्वाशेसाठी पुढच्या बाजूला आणखी एक दोन पंख्यांचा पातळ रेडिएटर बसत होता. म्हणजे एका जाडाऐवजी दोन पातळ. मवाळ पक्षाला बहुमत असं मिळतं.

मात्र पातळांमध्येही सगळे मवाळ नसतात. जाडी कमी झाली की ती भरून काढायला काही कंपन्या फिन दाट करतात; कुठे इंचाला सोळा, कुठे वीसच्याही पुढे. कागदावर हे छान दिसतं. पण कागद उधन्यात छापलेला नसतो. इथे हवेत लूमचा रुवा असतो. पॉलिस्टरचा बारीक, पांढरा, न संपणारा रुवा. तो खिडकीच्या जाळीवर, तुळशीच्या पानांवर, दाजींच्या भुवयांवर बसतो. इंचाला वीस फिन असलेला रेडिएटर इथे काही दिवसांत स्वतःच साडी विणायला लागेल. म्हणून पातळ घ्यायचा, पण त्यातल्या त्यात विरळ फिनचा घ्यायचा, आणि हवा आत येते त्या बाजूला जाळी लावायची. दाजी या मुद्द्यावर पहिल्यांदा माझ्या बाजूने आले. रुव्याशी त्यांचं आयुष्यभराचं भांडण आहे. "साफ करायचं माझ्याकडे लागलं," ते म्हणाले, "खात्यात कॉम्प्रेसर आहे, हवा मारून देतो." त्या कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरचे कपडे फाटतात, नाजूक फिनचं काय होईल हे मी मनातच ठेवलं.

पातळ रेडिएटरला आणखी एक शत्रू आहे: स्क्रू. पंचवीस मिलिमीटरच्या पंख्यातून रेडिएटरला लावायचा स्क्रू साधारण तीस मिलिमीटरचा. तोच पस्तीसचा लावला तर त्याचं टोक फिन पार करून पाण्याच्या नळीत घुसतं. चांगल्या रेडिएटरला स्क्रूच्या भोकाखाली संरक्षक पट्टी असते, सगळ्यांना नसते. घरात स्क्रूचा डबा दाजींचा. त्यात लूमचे, पंख्याचे, शिलाई मशीनचे, कुठल्यातरी मोपेडचे स्क्रू सुखाने नांदतात आणि दाजींच्या मते कुठलाही स्क्रू कुठेही बसतो, फक्त "जरा जोर लावावा लागतो". आक्काने तो डबा उचलून धान्याच्या कोठीमागे ठेवला. या सबंध प्रकरणातलं सगळ्यात मोठं तांत्रिक योगदान तेच.

वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांच्या कारखान्यात काम करतात. सुरतेत आता हिरे नुसते घासले जात नाहीत, उगवलेही जातात. २०२३ साली पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला भेट दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा असाच प्रयोगशाळेतला होता. मिथेन आणि हायड्रोजन, मायक्रोवेव्हने पेटवलेला प्लाझ्मा, आत आठशे-हजार अंश, आणि त्या भट्टीला बाहेरून गार पाण्याचा सतत फेरा. तेव्हा पाण्याचं कूलिंग म्हटल्यावर गृहस्थांना हसू येणं साहजिक होतं. "रेडिएटर कसला लावताय? चिलर लावा. पाणी वीस अंशांवर." भाच्याचे डोळे लकाकले. पण सुरतेच्या मे महिन्यात हवेचा दवबिंदू पंचविशीच्या आसपास असतो. वीस अंशांचं पाणी नळीतून फिरवलं की नळीवर बाहेरून दव साचणार आणि थेंब थेंब ग्राफिक्स कार्डावर पडणार. कारखान्यातल्या भट्टीला ते चालतं, साड्या नेसवणाऱ्या कार्डाला नाही. रेडिएटर खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही हा त्याचा दोष म्हणून सगळे सांगतात. सुरतेत तो त्याचा सगळ्यात मोठा गुण आहे.

जाता जाता त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मात्र मला आवडली. हिरा तांब्यापेक्षा सुमारे पाचपट वेगाने उष्णता वाहून नेतो. आम्ही तांब्याच्या मिलिमीटरांवरून भांडत होतो आणि जगातला उत्तमांतला उत्तम उष्णतावाहक आक्काच्या कानात होता. भाच्याने कुड्यांकडे पाहिलं. आक्काने पदर कानावरून घेतला.

शेवटी दोन पातळ रेडिएटर आले. नव्या रेडिएटरमध्ये कारखान्यातल्या झाळकामाचा मळ असतो, म्हणून ते आधी गरम डिस्टिल्ड वॉटरने खळखळून धुवायचे असतात. पाण्याचे कॅन बॅटरीवाल्याकडून आणले. इतकं पाणी पाहून त्याने घरात किती इन्व्हर्टर आहेत असं आदराने विचारलं. मग सगळ्या जोडांखाली टिश्यू पेपर पसरून, कम्प्युटरची वीज बंद ठेवून, फक्त पंप रात्रभर चालवला. गळती तपासायची ही पद्धत आहे. बिल्डिंगमधले लोक जेवणं आटोपून बघायला आले. पारदर्शक नळीतून पाणी फिरतंय आणि बाकी काही होत नाही, हे दृश्य सगळ्यांनी सत्यनारायणाला बसावं तसं मन लावून पाहिलं. काकूंनी पुन्हा गवताचं विचारलं.

दुसऱ्या दिवशी साड्या सुरू झाल्या. खोलीत छत्तीस, पाणी चढत चढत सत्तेचाळिसावर जाऊन थांबलं. पंपाची मर्यादा साठची, चिप सुखात. हिशेबाप्रमाणे सगळं नीट. दाजी आकडा बघून म्हणाले, "सत्तेचाळीस? मग पाणी भुसावळला गेलं म्हणायचं." पाणी आणखी खाली आणायचं तर एकच उपाय: खोलीतली हवाच गार करायची. दोन पातळ रेडिएटरांपेक्षा दाजींना हे सोपं वाटलं, कारण एसी जड असतो. आठवड्याच्या आत एक टनाचा एसी भिंतीवर चढला. तो साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर फेकतो, म्हणजे भाच्याच्या कम्प्युटरसारखे आठ कम्प्युटर. खोली सव्वीसवर, पाणी सदतिसावर, पंखे जवळजवळ मुके. भाचा दोन दिवस सुखात होता.

तिसऱ्या रात्री आक्काने तिथे गादी घातली. मग दाजींनी. मग धाकट्या भाचीने, आणि मी पाहुणा असल्यामुळे मला मधली जागा. माणूस नुसता झोपला तरी सत्तर-ऐंशी वॉट उष्णता टाकतो. आम्ही चौघे मिळून झालो तीनशे, बरोबर एका ग्राफिक्स कार्डाएवढे. त्यामुळे कार्ड बंद करण्यात आलं. पंख्यांचा आवाज होतो, नळीतलं पाणी खुळखुळतं आणि रंगीत दिवे डोळ्यांवर येतात, अशी तीन कारणं आक्काने दिली.

"मग रात्री साड्या कधी करू?" भाचा दारात उभा राहून म्हणाला.

"सकाळी कर. सकाळी आम्ही उठतो," आक्का म्हणाली.

दाजी तोवर पांघरुणात शिरले होते. आतून त्यांचा आवाज आला, "साठचा घेतला असता ना, तर एसी लागलाच नसता."